सड्यावरचा हत्ती : चित्र आणि चित्रीकरण एकत्र आणणाऱ्या लघुपटाच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५

लघुपट साधारण सहा मिनिटांचा. राजापूर तालुक्यातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, हरवलेलं वासरू शोधत फिरणारी नऊ वर्षांची मुलगी आणि कातळातून उठून तिच्याबरोबर चालू लागणारा हत्ती. मुलगी, सडा, वारा, गवत हे सगळं खरं. हत्ती हाताने रंगवलेला, सांध्यांचा, एकेक चौकट (फ्रेम) हलवून चालवलेला. दोघं चालत चिरेखाणीच्या काठाशी येतात आणि तिथे पुढे जमीन नसते. गोष्ट एवढीच.

हत्ती अर्थातच कशेळीचा, म्हणजे तिथल्या कातळावर कोरलेल्या शिल्पातला. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या अंगात लहानमोठ्या कितीतरी प्राण्यांच्या आकृत्या. कशेळी, बारसू, देवीहसोळ, रुंढे तळी, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरूण आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. ती ज्या जांभ्यात कोरली आहेत, त्याच जांभ्याचे चिरे काढून आपण घरं बांधतो. हत्तीला खाणीच्या काठापर्यंत न्यायचं ते यासाठीच.

पहिल्याच बैठकीत एक नियम ठरवला. शिल्पावर पाय नाही, खडू नाही, पाणी नाही, ट्रायपॉडचा पायसुद्धा नाही. फोटोत रेषा उठून दिसावी म्हणून लोक खाचेत खडू भरतात. तसं काही न करता, तिरप्या उन्हात बाहेरून जेवढं दिसेल तेवढंच घ्यायचं. खऱ्या शिल्पाचा लघुपटात एकच शॉट राहील. बाकी सगळं मावशीच्या सासरच्या सड्यावर, जिथे कोरलेलं काही नाही.

माणसं मोजकी : कॅमेऱ्यावर मित्र, रंगकामाला मावसबहीण, अभिनयाला शेजारची मुलगी आणि तिची आजी, चालवायला मी. शाळेच्या सुट्टीत चित्रीकरण उरकायचं आणि पावसाळ्यात घरात बसून हत्ती चालवायचा, असा बेत आहे.

२० एप्रिल

आज कॅमेरा घेऊन गेलो नाही. एक मीटरची सरळ काठी, गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा, टेप आणि वही एवढंच घेतलं. काठी ओळंब्याला धरून उभी करायची, सावलीची लांबी मोजायची, वेळ आणि दिशा लिहायची. या कामाला लागणारं गणित एवढंच आहे. सावली एक मीटर असेल तर सूर्य ४५ अंशांवर, १.७३ मीटर असेल तर ३० अंशांवर, २.७५ मीटर असेल तर २० अंशांवर.

घरी दिव्याखाली हत्ती रंगवताना उजेड कुठून आणि किती तिरपा द्यायचा, ते या वहीवरून ठरणार. फोनमधल्या ॲपवर सूर्याची जागा कळते, पण सडा उतरता असला की प्रत्यक्ष सावली ॲपच्या आकड्यापेक्षा लांब किंवा आखूड पडते. काठी जमिनीचा उतारही हिशेबात धरते.

एक व्यवहाराची गोष्ट. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीला सावलीच उरत नाही. शिवाय सडा इतका तापतो की कातळावरची हवा थरथरते आणि स्थिर चौकटही हलते. सकाळी नऊनंतर चारपर्यंत काम बंद हे आताच मान्य केलं.

४ मे

पहिलं चित्रीकरण. कॅमेरा आणि लेन्स रत्नागिरीहून भाड्याने आणली, दिवसाचे २,५०० रुपये.

मुलीने हत्तीकडे बघायचं आहे आणि हत्ती तिथे नाही. मित्राने बांबूच्या टोकाला लाल फडकं बांधून ते अडीच मीटर उंचीवर धरलं आणि हत्तीच्या चालीने पुढे सरकत राहिला. मुलीची नजर सुरेख लागली. मग बांबू पुसण्यासाठी तीच चौकट रिकामी घ्यायची होती. त्याआधी सगळ्यांनी चहा घेतला आणि तिथेच शॉट गेला.

साडेसाताच्या सुमारास काठीची सावली २.७५ मीटर होती. वीस मिनिटांनी ती २.१४ मीटर भरली. एवढ्या वेळात प्रत्येक गवताची, प्रत्येक दगडाची सावली सरकलेली. रिकामी चौकट बांबूवर ठेवली की तिथे जमिनीला ठिगळ लावल्यासारखं दिसतं. म्हणून आता क्रम असा : आधी रिकामी चौकट, लगेच बांबूसकट टेक, लगेच पुन्हा रिकामी चौकट. मध्ये कोणी हलायचं नाही, एक्स्पोजरला हात लावायचा नाही.

दुसरं नुकसान वाऱ्याचं. साडेआठनंतर मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, वारा पडतो आणि थोड्या वेळाने समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. सड्यावर त्याला अडवायला झाड नाही. ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला चिऱ्याचा तुकडा टांगला, तेव्हा कुठे चौकट स्थिर झाली. तोही लोंबकळता ठेवला तर झुलतो आणि ट्रायपॉडलाच हलवतो. जमिनीला जेमतेम टेकेल इतकी दोरी ठेवायची.

चित्रीकरण सेकंदाला २५ चौकटींनी केलं, कारण आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेच्या दिव्यांखाली ते सोयीचं पडतं. हत्तीचा हिशेब मात्र २४ धरून, सेकंदाला बारा चित्रं असा लिहिलेला होता. पावलं आणि नजर दर सेकंदाला थोडी थोडी दूर जात होती. आता सगळं २५ वर आणलं आहे. एक चित्र दोन चौकटी टिकतं, म्हणजे सेकंदाला साडेबारा चित्रं. फोनवर घेतलेले काही तुकडे आहेत, त्यांची चौकटींची गती फोन स्वतःच कमीजास्त करतो. ते आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर गतीचे करून घ्यावे लागतात, नाहीतर दोन मिनिटांत सगळा मेळ सुटतो.

६ मे

पुठ्ठ्याचा कच्चा हत्ती कापून, आठ चित्रांची चाल तयार करून चौकटीत बसवला. चाल बरोबर होती. हत्ती एका बाजूचा मागचा पाय टाकतो, मग त्याच बाजूचा पुढचा, मग दुसऱ्या बाजूचा मागचा आणि पुढचा. चारही पाय एकदम कधीच उचलत नाही. हे सगळं सांभाळूनही काहीतरी चुकत होतं. मुलीची आजी लॅपटॉपपाशी आली, दोनदा बघितलं आणि म्हणाली, ‘‘ह्यो चालत नाय रे, तरंगतोय.’’

तेच खरं होतं. रंग, रेषा, चाल यांपेक्षा दोनच गोष्टी हत्तीला सड्यावर उभं करतात : त्याची सावली आणि त्याचं पाऊल जिथे जमिनीला टेकतं ती जागा. हे दोन जमले तर हत्ती अगदी सपाट, उघड उघड कागदाचा असला तरी चालतो. मला तो कागदाचाच दिसायला हवा आहे. खरा वाटावा म्हणून त्याला केस आणि सुरकुत्या काढण्यात वेळ घालवणार नाही. सगळा वेळ सावलीला.

सावलीसाठी हत्तीचीच काळी आकृती घेऊन ती पायाशी धरून आडवी ताणली. सूर्य कॅमेऱ्यासमोर किंवा कॅमेऱ्यामागे असेल तेव्हा हे झकास जमतं. सूर्य बाजूला असेल तर मात्र जमत नाही आणि का जमत नाही, हे कळायला संध्याकाळ गेली. पडद्यावर हत्ती आडवा, म्हणजे एका बाजूने दिसतो. बाजूने येणाऱ्या सूर्याला मात्र तोच हत्ती समोरून दिसतो. त्याची सावली समोरून दिसणाऱ्या हत्तीची हवी, आडव्या हत्तीची नव्हे. त्यासाठी समोरून काढलेल्या हत्तीची वेगळी चाल रंगवावी लागेल. तेवढा वेळ नाही. म्हणून बाजूच्या उन्हातले सगळे शॉट रद्द करून सूर्य समोर ठेवून पुन्हा आखले. समोरच्या उन्हात सड्यावरच्या खाचाही जास्त चांगल्या दिसतात, हा त्यातला फायदा.

११ मे

चिरेखाण. या नोंदीत जरा सविस्तर लिहितो, कारण लघुपटातली सगळ्यात महत्त्वाची चौकट इथली आहे.

खाण आठवडाभर चालू असते, म्हणून रविवार. मालकांनी परवानगी दिली, यंत्रांपासून लांब राहायला सांगितलं आणि मुलीला काठापासून दोन हात आत उभं करायला लावलं. पूर्वेचा काठ आणि समोरची भिंत यांत १२ मीटर अंतर, खोली ४ मीटर. भिंतीवर चिरे कापलेल्याच्या आडव्या-उभ्या खुणा, तांबड्या जांभ्यावर अगदी सरळ.

बेत असा होता की हत्तीची सावली काठावरून खाली खाणीत पडताना दाखवायची. मुलगी काठाशी उभी राहिली आणि तिची सावली बघून बेतच बदलला. सूर्य पाठीशी असला की काठाची खालची भिंत स्वतःच अंधारात असते, तिच्यावर सावली पडूच शकत नाही. सावली काठाशी तुटते आणि थेट समोरच्या भिंतीवर उमटते. तीही आडवी पसरलेली नाही, उभी! साडेसाताच्या सुमारास, काठीची सावली २.७५ मीटर असताना, मुलीची सावली खाणीच्या तळाशी पाय ठेवल्यासारखी समोरच्या भिंतीवर उभी होती. बाजूला तितक्याच उजेडाची मोकळी भिंत. तिथे हत्तीची सावली उभी राहणार.

एक गोष्ट टेपने मोजली आणि ती पुढे फार उपयोगी पडणार आहे. काठाजवळच्या दगडाच्या सावलीची कड रेखीव होती. समोरच्या भिंतीवर मुलीच्या डोक्याची कड सुमारे १२ सेंटिमीटर पसरट झालेली. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून सावली जितकी लांब जाईल तितकी तिची कड विरघळते. वस्तूपासून सावलीपर्यंतच्या दर मीटरला जवळजवळ एक सेंटिमीटर, असा हिशेब बसतो. सपाट जमिनीवरही हेच : पायाशी कड धारदार, डोक्याशी मऊ. आतापर्यंत आम्ही सगळी सावली सारखीच धूसर करत होतो आणि ती डागासारखी दिसत होती.

अडचण कॅमेऱ्याची आली. सूर्य पाठीमागे, म्हणजे आमच्याही सावल्या त्याच भिंतीवर. ट्रायपॉड काढला, कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर जमिनीलगत ठेवला आणि बाकी सगळे कातळावर पालथे झोपलो. काठाच्या खाली राहिलेलं काहीच भिंतीवर उमटत नाही. मुलीला आवाजावर वळायचं होतं. मी झोपूनच सांगत होतो, ‘‘बाय, डोळे वर... अजून वर... आता हळू खाली.’’ तिने ते फार समजून केलं. हत्तीच्या सोंडेची उंची तिला आता पाठ आहे.

रुंद शॉट मिळाला. मुलीच्या चेहऱ्याचा जवळचा शॉट आणि भिंतीवरच्या सावलीचा जवळचा शॉट पुढच्या रविवारांवर ठेवले, कारण सूर्य पंचवीस अंशांच्या वर गेला होता.

२६ मे

तो रविवार मिळाला नाही. १८ तारखेला यंत्र दुरुस्तीसाठी खाणीत माणसं होती. त्यानंतर वळवाचा पाऊस म्हणावा तर तो थांबेचना. काल, २५ मे रोजी, मान्सून देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं आणि आज तो मुंबईतही पोचला, जिथे त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे. आमच्या वेळापत्रकातले मेचे शेवटचे दहा दिवस आणि जूनचा पहिला आठवडा असा सगळा गेला. खाणीत पाणी भरलं. मालक म्हणाले, आता दिवाळीपर्यंत तळ दिसायचा नाही.

भाड्याचा कॅमेरा दोन दिवस नुसता पिशवीत राहिला. ५,००० रुपये गेले. हे काम करणाऱ्याने मेच्या पंधरा तारखेपर्यंत उन्हातलं सगळं संपवावं, त्यापुढचं नशिबावर.

१५ जून

घरातलं काम सुरू. माजघरात एकावर एक तीन काचा बसवलेली लाकडी घोडी केली. वर कॅमेरा खाली बघतो, मधल्या काचेवर हत्ती, खाली पांढरा कागद. पाच मिलिमीटरच्या काचा आणि सुताराची मजुरी मिळून ३,८०० रुपये.

पुठ्ठ्याचा हत्ती आठवडाभरात वाकला. दमट हवेत पुठ्ठा फुगतो, कडा वर येतात, काचेवर सपाट बसत नाही आणि दर फोटोत कडेची सावली वेगळी पडते. लॅमिनेट करून बघितला तर दिव्याची चकाकी येते. सांध्यांना लावलेले पत्र्याचे रिव्हेट गंजून लालसर डाग पडू लागले.

उपाय मावसबहिणीने शोधला : जुन्या एक्स-रे फिल्म. घरोघरी कपाटावर पडलेल्या असतात, मागितल्या की मिळतात. ती फिल्म पाणी पीत नाही, वाकत नाही, कात्रीने स्वच्छ कापली जाते. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासून खरबरीत करायच्या, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. समोरून ॲक्रिलिक, मागून काळा रंग दोन हात. सांध्यांना रिव्हेटऐवजी मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ, जितकी घट्ट तितका पाय जागेवर राहतो. हत्तीचे एकूण सतरा तुकडे : सोंडेचेच सहा, प्रत्येक पायाचे दोन, धड, डोकं आणि कान.

रंगासाठी गेरू आणि काळा. आकृती पार्श्वभूमीतून कापण्यासाठी मागे निळा-हिरवा पडदा लावतात, त्याची गरज नाही, ते पुढच्या नोंदीत.

६ जुलै

उजेडावर बराच वेळ गेला. पावसाळ्यात विजेचा दाब सतत खालीवर होतो, घरच्या एलईडी बल्बवर काढलेले फोटो ओळीने चालवले की हत्तीवर उजेड धडधडतो. मग बारा व्होल्टच्या एलईडी पट्ट्या थेट इन्व्हर्टरच्या बॅटरीवर जोडल्या. धडधड गेली. उजेड कमी करायला लावलेल्या डिमरने चौकटीत आडवे पट्टे आणले, तो काढला आणि पट्ट्यांसमोर बटर पेपर लावला. बॅटरी उतरत जाते तसा उजेड सावकाश मंदावतो, त्यासाठी प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात करड्या पुठ्ठ्याचा चौकोन ठेवला आहे. नंतर त्या चौकोनावरून सगळे फोटो एका पातळीवर आणता येतात.

राहिलेली बारीक फरफर लेन्सची निघाली. नवीन लेन्स दर फोटोला आपलं छिद्र उघडते आणि मिटते, ते दर वेळी अगदी तेवढंच मिटत नाही. जुनी, छिद्र हाताने फिरवायची ५० मिलिमीटरची लेन्स मित्राकडे होती, तिने ते मिटलं. आणि चालवणाऱ्याने काळा सदरा घालावा. पांढऱ्या सदऱ्याचा उजेड काचेवर पडतो आणि माणूस हलला की तोही हलतो.

पद्धत आता पक्की झाली. प्रत्येक स्थितीचे दोन फोटो. पहिला वरच्या दिव्यात, हत्तीचे रंग दिसणारा. हत्ती न हलवता वरचे दिवे बंद, खालच्या पांढऱ्या कागदामागचा दिवा चालू, दुसरा फोटो : पांढऱ्यावर कुळकुळीत काळा हत्ती. या काळ्या आकृतीने पहिल्या फोटोतला हत्ती पार्श्वभूमीतून काटेकोर कापला जातो. म्हणूनच रंगीत पडदा लागत नाही. त्याच काळ्या आकृतीची सावलीही होते. एका फोटोत दोन कामं.

हत्ती पडद्यावर दीड मिनिट आहे. म्हणजे ११२५ स्थिती आणि २२५० फोटो. कामाचा वेग तासाला दोन सेकंद, त्याहून भरभर केलं की पाय काचेवर घसरतात. ज्यांना परवडेल त्यांनी एकेक चौकट घेण्यासाठीचं ड्रॅगनफ्रेम हे सॉफ्टवेअर घ्यावं. आम्ही कॅमेऱ्याच्या कंपनीचं मोफत सॉफ्टवेअर आणि फोटोंना नीट क्रमांक देणं यावर भागवलं.

१० ऑगस्ट

पाऊस उघडला आणि सड्यावर गेलो. मेमध्ये काळाकरडा असलेला कातळ आता ओळखू येत नाही. खळग्यांत पाणी, मधल्या मातीच्या थरावर गवत, आणि जिथे पाणी झिरपतं तिथे सीतेची आसवं फुललेली, जांभळा पट्टाच्या पट्टा. चालताना फक्त उघड्या कातळावर पाय ठेवायचे हे सगळ्यांना बजावून सांगितलं. तो मातीचा थर बोटभर असतो आणि एकदा तुडवला की त्या वर्षी तिथे काही येत नाही.

आकाश भरलेलं असल्यामुळे सावलीच नाही. मग हत्ती टेकवायचा कशाने? दोन गोष्टींनी. ढगाळ उजेडातही पोटाखाली आणि तळव्याभोवती काळोख असतो, तो हाताने रंगवून वेगळा थर केला. आणि डबक्यातलं प्रतिबिंब. तळवा जिथे टेकतो तिथूनच तोच हत्ती उलटा केला की झालं, फक्त रंग थोडा गडद.

पाण्यात पाऊल पडलं तर तरंग उठायला हवेत, आणि ते खरे हवेत. गळाच्या काठीला बारीक दोरीने सुपारीएवढा खडा बांधला. फोनवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारं ॲप, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावला. ठोका पडला की खडा पाण्याला टेकवायचा आणि लगेच वर. ज्या ठोक्यांवर खडा पडला, त्याच चौकटींवर घरी हत्तीचा पाय टेकवला. पहिल्यांदा खडा पाण्यात सोडून दिला होता, तेव्हा पाणी वर उडालं. हत्ती पाय ठेवताना पाणी उडवत नाही, बाजूला सारतो. त्यामुळे खडा टेकवणंच बरोबर ठरलं. खड्याच्या जागी पडद्यावर तळवा येतो, दोरी पुसायला फारशी लागत नाही.

७ सप्टेंबर

गणपतीत मुंबईहून आलेल्या भावंडांनी हातभार लावला. २७ ऑगस्टपासून गौरी-गणपतीच्या विसर्जनापर्यंत चौकटी जोडायचं काम रात्री आरतीनंतर सुरू व्हायचं. एकाने दोरी पुसली, दुसऱ्याने गवत कापलं. हत्तीच्या पायांपुढचं गवत चौकटीतून हाताने कापून हत्तीच्या वर ठेवावं लागतं, आणि वाऱ्यात ते दर चौकटीला हलतं. या कामाला दुसरा सोपा मार्ग सापडला नाही. पुढच्या वेळी पुढचं गवत घरी आणून निळ्या कागदासमोर वेगळं चित्रित करू.

जोडणी ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये केली. सावलीचे दोन थर ठेवले, एक रेखीव, एक धूसर, आणि पायापासून डोक्याकडे जाताना एकातून दुसरा हळूहळू वर येतो. सावली काळी करायची नाही. उन्हातल्या सावलीत आकाशाचा निळा उजेड असतो, शेजारच्या दगडाच्या सावलीचा रंग उचलून तोच दिला. प्रतिबिंब हलवायला पाण्याच्या चौकटीतला उजेड-अंधारच वापरला, म्हणजे खडा पडला की हत्तीचं प्रतिबिंबही त्याच तरंगात मोडतं. हे पहिल्यांदा चाललेलं बघितलं तेव्हा आजी म्हणाली, ‘‘आता पाय टेकलान.’’

एका गोष्टीवर घरात दोन मतं झाली. मुलगी सेकंदाला पंचवीस चौकटींनी वाहत जाते, हत्ती साडेबारा चित्रांनी ठेचकाळतो. शेजारी शेजारी चालताना दोघं वेगवेगळ्या जगातली वाटतात. म्हणून दोघं एकत्र चालतात तिथे मुलीचीही प्रत्येक दुसरी चौकट काढून आधीची दोनदा ठेवली. आता तिची आणि हत्तीची चाल एकाच जातीची झाली. मित्राच्या मते असं केल्याने सडा मेला, कारण गवत आणि पाणीही ठेचकाळू लागलं. त्याचं म्हणणं पाण्यापुरतं पटलं. पाणी मास्कने, म्हणजे त्याची बाह्यरेषा आखून, वेगळं काढलं आणि पूर्ण गतीने ठेवलं. गवत मात्र हत्तीच्या चालीने हलतं, ते मला हवं आहे. हत्ती आला की सड्याचा वेळ थोडा बदलतो, हे न सांगता दिसावं.

५ ऑक्टोबर

आवाज. सड्यावरचा वारा थेट माईकवर घेतला तर नुसती घरघर येते. माईकवर लहान बाळाचं लोकरीचं टोपडं चढवून तो चिऱ्याच्या गडग्याच्या आडोशाला, जमिनीपासून वीतभर उंच ठेवला. गवताचा आवाज वेगळा आला, लांबून समुद्रही.

हत्तीच्या पावलांसाठी भाताच्या तुसाचं अर्धं भरलेलं पोतं ओलं करून जांभ्यावर टेकवलं. कोरडं पोतं कागदासारखं वाजतं, पूर्ण भरलेलं धप्प करतं. अर्धं भरलेलं, ओलं, आणि टाकायचं नाही, ठेवायचं. खडा जसा टेकवला तसंच. मग मुलीच्या अनवाणी पावलांचा आवाज, तिच्याकडूनच, त्याच सड्यावर.

आतापर्यंतचा खर्च : कॅमेऱ्याचं भाडं वाया गेलेल्या दिवसांसकट १५,००० रुपये, काचा आणि घोडी ३,८००, दिवे आणि वायर १,६००, रंग आणि किरकोळ २,१००, हार्ड डिस्क ४,५००, प्रवास आणि जेवण साधारण ६,०००. एकूण ३३,०००. मुलीला आणि आजीला मानधन दिलं ते यात धरलेलं नाही.

९ नोव्हेंबर

लघुपट जोडून झाला आहे, दोन शॉट सोडून : खाणीतला मुलीचा चेहरा आणि भिंतीवरच्या सावलीचा जवळचा शॉट. खाणीतलं पाणी खाली गेलं म्हणून आज काठी घेऊन जाऊन आलो. मेमध्ये सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवत होता, आता दक्षिणेला सरकला आहे. काठावर उभं राहिलं की सावली समोरच्या भिंतीवर सरळ पडत नाही, तिरकी जाऊन कोपऱ्यात मोडते. रुंद शॉटला ती कोणत्याच प्रकारे जुळणार नाही.

सूर्य मेमधल्या त्याच वाटेवरून ऑगस्टच्या सुरुवातीलाही जातो, पण तेव्हा खाणीत पाणी आणि वर ढग. म्हणजे एप्रिलअखेर ते मेचा मध्य एवढेच दिवस. मित्राने सुचवलं की घरीच भिंतीची प्रतिकृती करून दिव्याने सावली पाडावी. ती कड रेखीव पडेल, १२ मीटरवरून येणारा तो पसरटपणा दिव्याने आणायला दिवाही तेवढ्याच हिशेबाने मोठा आणि लांब हवा. ते आमच्या माजघरात मावत नाही, आणि त्या भिंतीवरच्या चिरे कापलेल्या खुणाही खोट्या करायच्या नाहीत.

मालकांशी बोललो. खाण पश्चिमेकडे वाढणार आहे, समोरची भिंत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मागे सरकेल. अंतर १२ मीटरऐवजी १५ झालं, तर हत्तीच्या सावलीसाठी सूर्य १६ अंशांच्या आसपास घ्यावा लागेल, म्हणजे काठीची सावली साडेतीन मीटर आणि वेळ साडेसातच्या आधीची. रुंद शॉटही तेव्हा नव्या भिंतीवर पुन्हा घेऊ. त्यांनी एप्रिलमधले शेवटचे दोन रविवार आणि मेचा पहिला रविवार आमच्यासाठी मोकळे ठेवायचं कबूल केलं आहे. मुलीची उंची तोवर वाढेल, म्हणून बांबूवर लाल फडक्याखाली तिच्या आताच्या उंचीची खूण करून ठेवली. पुढच्या वेळी हत्तीचं माप त्या खुणेवरून वाढवायचं आहे.

एक्स-रे फिल्मचे हत्तीचे साचे आणि काचेच्या घोडीची मापं वहीत आहेत. राजापूर-रत्नागिरी भागात कोणी असं काही करत असेल तर ती वही आणि घोडी पावसाळाभर न्यायला मोकळी आहे.